माणसं धरून किती?

भालेरावकाकांच्या घरी गेलात की ते तुम्हाला मोटारीच्या मागच्या सीटवर बसवत. मोटार खाली आवारात, सीट वर दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. चांगली लांबरुंद, अँबॅसिडरची, तपकिरी रेक्झिनची. "बसा, बसा. स्प्रिंगा अजून जिवंत आहेत," म्हणून ते स्वतः समोर लाकडी स्टुलावर बसत. पाहुणा एकदा त्या सीटमध्ये रुतला की उठायला त्याला दोन प्रयत्न लागत. तेवढ्यात काका विचारून घेत, "तुमच्या ओळखीत कुणी विम्याचा एजंट आहे का हो?"

ती सीट वर आली तीही विम्याच्याच भानगडीत. गाडीत बसणाऱ्या माणसांसाठी कंपनी माणशी थोडा जादा प्रीमियम घेते. तो भरला नाही आणि अपघात झाला, तर रस्त्यावरच्या परक्या माणसाला भरपाई मिळते, पण तुमच्या शेजारी बसलेल्याला काही मिळत नाही. काकांनी डोकं चालवलं, की मागची सीटच काढली तर मागे माणसं कुठली? त्यांनी पान्हा घेऊन सीट सोडवली, बिल्डिंगमधल्या चौघांना चहा कबूल करून ती वर चढवली आणि कंपनीच्या ऑफिसात जाऊन सांगितलं, "तीन माणसं वजा करा." साहेबानं आरसी बुक उघडलं. म्हणाला, "यात ड्रायव्हर धरून पाच लिहिलेत. तुम्ही छप्पर काढलंत तरी पाचच." सीट पुन्हा खाली न्यायला मात्र कोणी पुढे आलं नाही. चहात दूध कमी होतं, असं चौघांचंही म्हणणं पडलं.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दिवसा शाळेत कारकून, संध्याकाळी विमा एजंट. मुळात मी रडक्या स्वभावाचा, त्यात हा धंदा. लोकांच्या घरी जायचं, त्यांना आग, चोरी आणि मरणाची आठवण करून द्यायची आणि वर हसून पेन पुढे करायचं. मला हसणं जमत नसे. पण माझं तोंड बघूनच लोक विमा उतरवतात, असं माझ्या बायकोचं मत होतं. ते खरंही असावं.

काका एका केमिकल फॅक्टरीत तीस वर्षं स्टोअरकीपर होते. फॅक्टरीचा मॅनेजर बदलून गेला तेव्हा त्याची जुनी गाडी त्यांनी हप्त्यांवर घेतली. त्यांच्या वस्तीतली ती पहिली मोटार. घेतल्या दिवशी ती आधी बुद्धविहारापाशी नेली, तिथे बायकांनी तिला ओवाळलं आणि मग वस्तीतल्या एकूण एक पोराला काकांनी तिच्यातून एकेक फेरी मारून आणली, असं जुने लोक सांगत. मला ते खरं वाटत नसे. कारण मी राहायला आलो तेव्हापासून काकांनी त्या गाडीत कुणाला बसवलेलं मी पाहिलं नव्हतं. पावसात भिजत उभ्या असलेल्या माणसासमोर गाडी थांबवून ते काच खाली करत आणि म्हणत, "छत्री देऊ का?" काकू माहेरी जायला निघाल्या तर त्यांच्यासाठी रिक्षा येई आणि काका रिक्षामागून मोटार घेऊन स्टेशनपर्यंत जात.

एरवी गाडी फक्त रविवारी निघे. सकाळी आठला काका एकटे जात, दिवेलागणीला एकटे परत येत. कुठे जातात, यावर बिल्डिंगमध्ये तीन मतं होती आणि तिन्ही वाईट होती. काकूंना विचारलं तर त्या म्हणत, "जातात कुठंतरी. परत येतात ना? झालं तर."

पॉलिसी संपायला महिना राहिला की काकांची मोहीम सुरू होई. दाढी गुळगुळीत, बुटांना पॉलिश, खाकेत कापडी पिशवी आणि पिशवीत गाडीचे जन्मापासूनचे कागद. स्टोअरमध्ये तीस वर्षं काढल्यामुळे एक सवय हाडात भिनली होती. "तीन कोटेशनं घेतल्याशिवाय मी फॅक्टरीत खिळासुद्धा घेतला नाही," ते सांगत. गाडीच्या विम्याचा दर सरकारनं ठरवलेला आहे, तो कल्याणला आणि कन्याकुमारीला एकच, हे मी त्यांना दरवर्षी समजावायचो. ते माझ्याकडे दयेनं बघत. "रेशनचा दरही सरकारनंच ठरवलाय. म्हणून दोन दुकानांत एकच माप मिळतं का?"

एकदा मी त्यांच्याबरोबर उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये परसराम शेठकडे गेलो. शेठचं दुकान बटणांचं आणि चेनींचं, पण गल्ल्याखाली विम्याचे फॉर्मही असत. शेठनं कागद चाळले. "साईं, रेट तो सगळीकडे सेम है. पण गाडी पुरानी. चोरीचा विमा नाय घेतला तर चालेल."

"तो मी कधीच सोडलाय. ही गाडी चोरली तर चोर स्वतः ढकलत परत आणून देईल."

"फिर आगीचा?"

"तोही नाही. गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे."

"मग राहिला क्या? थर्ड पार्टी और आतली माणसं. माणसं काढून टाका ना साईं, एकदम सस्ता होईल."

"माणसं धरून किती, ते सांगा."

"पण बसतो कौन?"

"ते तुम्हाला काय करायचंय? माणसं धरून किती?"

शेठनं आकडा सांगितला. तो आदल्या दोन ठिकाणी सांगितला होता तोच होता. काकांनी तो वहीत टिपून घेतला, वर लिहिलं 'कोटेशन तिसरे', आणि उठले. त्यांच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं शेठला दिसलं. त्यानं डबी पुढे केली. काका म्हणाले, "आधी अजून दोन दुकानांत बघतो."

कंपनीच्या ऑफिसातही ते हार मानत नसत. "गाडी आठवड्यातून एकच दिवस निघते, तेव्हा सातवा हिस्सा प्रीमियम घ्या," असा अर्ज त्यांनी केला होता. साहेब मोठ्यानं हसला. गमतीनं म्हणाला, "आणि रविवारीच अपघात झाला तर?" काकांनी अर्ज परत घेतला, पिशवीत घातला आणि तडक जिना उतरले. मला वाटलं, अपमान झाला म्हणून.

आम्ही सगळे हसायचो, पण मामला हसण्याचा राहिला नव्हता. फॅक्टरी बंद पडली होती, काकांचे राहिलेले पैसे कोर्टात अडकले होते आणि विम्याचा दर वाढत होता. काकू गाडी विका म्हणत. भंगारवाला दोनदा येऊन बघून गेला. एका संध्याकाळी काका माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "हे बघ, दोन वेळचा चहा एक वेळ केला. पेपर बंद केला. आता कापायला काही राहिलं नाही. रविवारची गाडी बंद झाली तर मी संपलो असं समज. तू एजंट आहेस, कर काहीतरी." एवढं लाचार मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सही केलेला कोरा चेक माझ्या हातात दिला. "आकडा तू टाक. पण माणसं धरून."

मी खरंच काहीतरी केलं. शनिवारी पॉलिसी संपत होती. सकाळी ऑफिसात फॉर्म भरताना माझ्या मनात आलं, या माणसाच्या गाडीत चिटपाखरू बसत नाही. पोटाला चिमटा काढून हा कोणासाठी भरतो? हे खूळ कोणीतरी मोडायलाच हवं. मी माणसांच्या रकान्यात आडवी रेघ मारली, कमी झालेला आकडा चेकवर टाकला आणि कव्हर नोट घेऊन दुपारी दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी हसत कुणाच्या हातात पॉलिसीचा कागद देत होतो.

काकांनी भिंग काढून वाचायला सुरुवात केली. वाचता वाचता थांबले.

"माणसं?"

"काढली, काका! बघा ना केवढं कमी झालं. अहो, तुमच्या गाडीत बसतं कोण? काकूंनासुद्धा तुम्ही रिक्षानं पाठवता."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ऑफिस आता उघडं असेल?"

"आता? सोमवारी दहाला."

ते रागावतील, कागद फेकतील, असं मला वाटलं. त्यांनी कागदाची घडी घातली. "तुझी चूक नाही. स्वस्त मागितलं की हेच मिळतं," एवढंच म्हणाले.

रात्रभर मला चैन पडलं नाही. रविवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तर काका इस्त्रीचा शर्ट घालून गाडीशेजारून पायी चालले होते. मी चप्पल घालून मागे धावलो. "काका, थर्ड पार्टी आहे की. एकटे जायला गाडी चालते."

"जाताना एकटाच असतो रे. पण गाडी दारात दिसली की तो बसणार. आणि बसू नको म्हणायला मला तोंड होत नाही."

तो म्हणजे कोण, ते बघायला मी त्यांच्याबरोबर निघालो. बदलापूरहून एसटी पकडून बारवी धरणाच्या रस्त्याला एका पाड्याच्या फाट्यावर आम्ही उतरलो आणि भाताच्या खाचरांमधल्या कच्च्या गाडीवाटेनं पंधरा मिनिटं चाललो. काका सत्तरीला आलेले. दोनदा बांधावर बसले. कौलारू घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. दाढी केलेली, धुतलेला सदरा, केस तेल लावून चापून बसवलेले. बाजूला कुबड्या. उजवा पाय मांडीपासून नव्हता. तो आमच्याकडे बघत नव्हता, आमच्या मागे, रस्त्याकडे बघत होता.

"गारी कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"आज नाही आणली, हरी. कागद झाले नाहीत. पुढच्या रविवारी."

"आरं, यवढाच ना? मी बसलू असतू तसाच. तू यवढा चालत आलास सांगाला?"

"सांगायला नको?" काका म्हणाले आणि घाम पुसायला लागले.

हा हरी भोईर. स्टोअरमध्ये काकांच्या हाताखाली हमाल होता. रिक्षावाले पाड्यापर्यंत यायला तयार नसत आणि एसटीची पायरी त्याला चढता येत नव्हती. आठवड्यातून एकदा काका त्याला उचलून पुढच्या सीटवर ठेवत, धरणाच्या काठानं फिरवत, बदलापूरला न्हाव्याकडे नेत, टपरीवर भजी खायला घालत. बाकीचे सहा दिवस तो ओट्यावर असे. एवढं मला हरीनंच सांगितलं, कारण काका चहा सांगायला आत चुलीपाशी गेले होते.

"पाय कशात गेला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"त्याच्याच गारीत. याच रस्त्याला. रविवारच होता. टरक आला, ठोकला नि पळाला, कोनाला घावला नाय. याला खरचटलाबी नाय." त्यानं आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मंग केस झाली. कंपनी मना कायपन देना. भालेराव बोलला, हरी, कंपनीनं आपल्याला फसवला. रडला पन. पन वकिलानं मना कागद दाखवला होता. आतल्या मानसांचा पैसा भरलेलाच नव्हता. रेघ मारलेली. त्या वर्साला त्याच्या पोरीचा लगीन होता, थोडा वाचवाला जेला असंल."

कालच मी तशीच रेघ मारली होती, आणि हसत मारली होती.

"मग तुम्ही त्यांना कधी बोलला नाहीत?"

"काय बोलनार? त्याला वाटतं, मना ठाव नाय. असूंदे. मना ठाव हाय, असा त्याला कलला, तर शरमेनं यायचा बंद होल. पाय तर जेलाच. आता रविवार पन घालवू?" त्यानं माझा हात धरला. त्याचा हात चांगला जड होता. "तुमी शेजारी ना त्याचे? सांगू नका हां त्याला."

काका चहाचे पेले घेऊन बाहेर आले. एक हरीला दिला, एक मला दिला, आणि हरीच्या नसलेल्या पायाच्या बाजूला ओट्यावर टेकले. त्यांची नजर माझ्या तोंडावरून हलेना. माझं तोंड काही लपवणाऱ्यातलं नाही.

"तुझ्या या पाव्हन्याला कंपनीची गोष्ट सांगत होतू," हरी मोठ्यानं म्हणाला. "कसा फसवला आपल्याला, ती."

काका पेल्यात बघत म्हणाले, "हो. फसवलंच."

हरीनं माझ्याकडे पाहिलं. तेरा वर्षं मी त्याच कंपनीच्या पॉलिसी विकत होतो, आणि तिनं त्या बाबतीत कुणाला फसवलं नव्हतं.

"फसवतातच ते," मी म्हणालो. "एक नंबरचे हलकट लोक आहेत."

काकांनी मान हलवली. मग आम्ही तिघं चहा प्यालो.