रोशनची अडचण

"हे मेंटॉरिंग कायले काढलं असन, दीदी?" सरांच्या केबिनबाहेर रोशन समीक्षाच्या कानाशी पुटपुटला. "बॅक लागली ते लागली, वरून विचारपूस!"

समीक्षा तिसऱ्या वर्षाची, कॉलेजात पहिली येणारी, म्हणून त्याची मेंटॉर. दोघांच्या वर चंद्रकुमार सर. मेकॅनिक्सही तेच शिकवत आणि रोशन नेमका त्यातच नापास होऊन अडकला होता. आता विषय सुटला नाही तर वर्ष वाया आणि रोशन कायमचा गावी, चिचगडला, हे घरी ठरलेलं.

"मग सरांना खरं सांगून टाक ना!"

"तूच सांग."

"मी काऊन सांगू?"

सर तापट असते तर कोणीही बोललं असतं. पण माणूस इतका मायाळू की जीभ उचलत नसे. रोशन म्हणाला, "सर, फळा दिसत नाही." सरांनी गाडीवर बसवून त्याचे डोळे तपासून आणले. डोळे ठणठणीत. तरी त्याला पहिल्या बाकावर बसवलं. डुलकीचीही सोय गेली. मग तो म्हणाला, "होस्टेलवर लय गोंधळ असते." सरांनी त्याची गादी उचलून कुडव्याला आपल्या घरी नेली. आता पहाटे चहासोबत मेकॅनिक्स, रात्री वरणभातासोबत मेकॅनिक्स.

"दीदी, सर सपनातही शिकवून राहिले!"

"दे, अजून बहाणे दे!" समीक्षा वैतागली.

त्याने दिलाच. "घरची आठवण येते, सर."

दुसऱ्या दिवशी त्याची आई अन्नपूर्णाबाई सरांच्या बैठकीत हजर. समीक्षालाही बोलावणं गेलं.

"समीक्षा, तू सांग," सर कळवळून म्हणाले. "वर्गात शिकवलं, घरी आणून शिकवलं. कमी पडतंय कुठे?"

समीक्षा पंख्याकडे बघू लागली, रोशन पायांकडे. पहाटेचे पाठ स्वयंपाकघरातून रोज ऐकणाऱ्या सरांच्या बायको, रेणूताई, लगबगीने चहा टाकायला आत पळाल्या.

अन्नपूर्णाबाई उठल्या. "जाऊ द्या, गुरुजी. तुमी देवमाणूस. माह्या पोराचंच डोकं नाही. चल रे, भर सामान."

रोशन गादी गुंडाळायला निघाला. समीक्षाला राहवेना.

"थांबा, काकू! त्याचं डोकं चांगलं आहे. सर... तुम्ही शिकवलेलं कोणालाच समजत नाही."

आत कपबश्यांचा आवाज थांबला.

"कोणालाच?" सरांचा आवाज बारीक झाला. "पण तुला तर पैकीच्या पैकी होते!"

"पाठ केलं होतं, सर. आकृत्यांसकट."