गच्चीच्या पाइपातली छत्री

खालच्या मजल्यावरच्या मल्लप्पाकाकांनी गच्चीचं पाणी उतरणाऱ्या पाइपात मिटलेली छत्री घातली, बटण दाबलं आणि ती आतल्या आत उघडली. दुसऱ्या दिवशी टाकी भरून वाहिली. गच्चीचं तळं झालं. अख्ख्या जुळे सोलापुरात अशी सोसायटी आमचीच.

सेक्रेटरी भडकले. काका दुप्पट भडकले.

"ओढून काढा की! निघतीय का बघा! मेंदूच्या शिरंत असंच बसवत्यात. डोकं फोडायचं न्हाय, काय न्हाय!"

"आणि पाणी तुंबलं ते?"

काका जरा अडखळले. "कापड काढायचं राह्यलं. खऱ्या यंत्राला नुसत्या काड्या, जाळीगत. रक्त वाहतंय की त्यातनं."

हे यंत्र त्यांना मोबाईलवर सापडलं होतं. मिटलेली जाळी मानेतल्या शिरेतून वर न्यायची आणि मेंदूजवळ उघडायची. ती शिरेला धरून बसते आणि मनातलं तारेवाटे संगणकापर्यंत पोचवते. काकू अर्धांगानं अंथरुणावर आहेत. हात हलत नाही, बोलता येत नाही, कळतं मात्र सगळं. यंत्र सापडल्यापासून दूधवाल्यालाही काका स्वतःची मान धरून सांगतात, "हितनं! हितनं घालत्यात!"

डॉक्टरांकडे त्यांनी मला नेलं, कारण मी इंग्लिश मीडियमची. भाजीवालीकडे कोथिंबीर मागायलाही मला धीर गोळा करावा लागतो.

"काका, ते अजून प्रयोगात आहे. परदेशात, मोजक्या लोकांवर," डॉक्टर म्हणाले.

"परदेशातल्या शिरा येगळ्या असत्यात व्हय?"

डॉक्टर हसले. माझे कान तापले. "हसू नका," मी म्हणाले, "त्यांना नीट सांगा."

मग त्यांनी नीट सांगितलं. इथे मिळत नाही. कधी मिळेल, माहीत नाही.

रिक्षात काका अर्धा रस्ता डॉक्टरांना, सरकारला आणि खड्ड्यांना शिव्या घालत होते. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "पोरी, त्या संगणकाला कन्नड येत असंल का गं?"

"कन्नड कशाला?" मी विचारलं.

"मराठी ती पाव्हण्यांशी बोलायची. माझ्याशी भांडण कन्नडमधनंच. मी तोंड उघडलं की 'सुम्न कूडरी', गप बसा म्हणायची. पोरं पुण्यात, त्यांना कन्नड येत न्हाय. आता दिवसभर मी एकटाच बडबडतोय तिच्यापाशी. कुणी गप बसा म्हणत न्हाय बघ."