अप्पांच्या कानातली शिट्टी

आमच्या शेजारचे शंकरअप्पा कुणाला 'बरं हाय का?' असं विचारत नाहीत. 'कानात काय वाजतंय?' असं विचारतात. दूधवाल्याला विचारून झालं, लग्नपत्रिका द्यायला आलेल्या पावण्यांनाही विचारून झालं. कुणी 'काही नाही' म्हटलं की अप्पा हळहळतात. त्या माणसाकडं अजून वीजच आली नसावी, असा त्यांचा चेहरा होतो.

अप्पांनी उभं आयुष्य कबनूरला यंत्रमागावर काढलं. मुलानं कोल्हापुरात फ्लॅट घेतला तेव्हा माग सुटले, पण दोन्ही कानांत एक बारीक शिट्टी राहिली. "कुकरसारखी?" मी एकदा विचारलं. "कुकर थांबतोय की," अप्पा म्हणाले. शिट्टीची खबर ते हवापाण्यासारखी देतात. "आज जरा ढगाळ हाय."

मी हसायचे. मग गेल्या वर्षी माझ्याच कानात सुरू झालं. मी सव्वीस वर्षांची, दिवसभर हेडफोन लावून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी. कॉल संपला तरी कानात 'ईऽऽ' चालूच. मोबाइलवर शोधून शोधून मी स्वतःला चार-पाच भयंकर रोग लावून घेतले. जेवण सुटलं. मला वाटलं, अप्पांना जोडीदार मिळाल्याचा आनंद होईल. पण ते गंभीर झाले. "हे तुझं वय न्हाय," म्हणाले आणि चपला घालून माझ्याबरोबर दवाखान्यात निघाले.

डॉक्टरांनी दोघांचेही कान तपासले.

"आजोबांना ऐकायला बरंच कमी येतं, त्यामुळं शिट्टी जास्त जाणवते. पण ते तिला घाबरत नाहीत," डॉक्टर मला म्हणाले. "तुझं ऐकणं चांगलं आहे, भीती मोठी आहे. हेडफोन कमी कर, नीट झोप, आणि सारखं कानाकडं लक्ष देऊ नकोस. आजोबांनी मात्र यंत्र लावायला हवं."

"हाय की यंत्र. पोरानं आणलंय. कपाटात हाय."

"मग लावत का नाही?"

"ऐकाय काय राह्यलंय आता?"

रिक्षात मला रडू आलं. गोळी नाही, यंत्र नाही. मी करायचं तरी काय? अप्पा म्हणाले, "उद्यापासनं रंकाळ्यावर फिराय चल. मोकळ्या कानानं. तू आलीस तर मी यंत्र घालतो."

दुसऱ्या दिवशी ते खरंच घालून आले आणि वाटभर कुरकुरले. "माझ्या चपला एवढ्या वाजत्यात, आन् कुणी सांगितलं न्हाय."

दोन महिने फिरलो. माझ्या कानातला आवाज गेलेला नाही. पण आता दिवसातले कितीतरी तास मला त्याची आठवणच होत नाही.

परवा सकाळी काकूंची वाटी परत द्यायला गेले. काकू म्हणजे अप्पांची बायको. त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या आणि अप्पा चक्क घरातही कानात यंत्र घालून समोर बसले होते.

"बोल की काय तरी," अप्पा म्हणाले.

"काय बोलू?" काकू ओरडूनच म्हणाल्या.

"वरडू नको. हळू बोल. ऐकाय येतंय."

काकूंचा हात थांबला. "हळू बोलायचं इसरूनच गेलंय," त्या म्हणाल्या. मग परत मेथी निवडायला लागल्या. वर न बघता, अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "परवा मला आईची लई आठवण आलती."

अप्पांनी खुर्ची पुढं ओढली. "कवा?"

मी वाटी ओट्यावर ठेवली आणि दार हळूच ओढून घेतलं.