श्रेयाची मंजूर वाक्यं

आमच्या घरात सहा माणसं राहतात. त्यांपैकी पाच जणांना पाहुण्यांसमोर काय बोलायचं नाही, हे नीट ठाऊक आहे. सहावी श्रेया, माझी मुलगी. वय साडेचार वर्षं. ती झोपेतही बोलते आणि झोपेत बोललेलं सकाळी उठून पुन्हा सविस्तर सांगते. एरवी याला कुणाची हरकत नव्हती. वारूळवाडीत आमच्या आळीतल्या बायका तर तिला मुद्दाम हाक मारून ओट्यावर बसवून घेतात आणि हातात बिस्कीट देऊन कामाला लावतात. परंतु गेली तीन वर्षं माझ्या दिरांचं, सुदर्शनभाऊजींचं, लग्न जमवण्याचं काम घरात चालू असल्यामुळे हा विषय गंभीर झाला.

भाऊजी टोमॅटो करतात. नारायणगावच्या बाजारात त्यांचे क्रेट उतरले की व्यापारी खालचा थर उपसून बघत नाहीत, इतका त्यांचा माल खात्रीचा. सुपारीचंही व्यसन नाही. मात्र मुलींकडच्यांची अट इथून तिथून एकच असते : मुलाला शेती पाहिजे, पण मुलगा शेतात नको. जमीन बागायती असावी, विहिरीला उन्हाळ्यात पाणी असावं आणि त्यात राबणारा माणूस दुसरा कुणीतरी असावा. या अटीवर एकवीस स्थळं परत गेली. तेव्हा बायोडेटा नव्यानं करायचं ठरलं, आणि घरात एम.कॉम. झालेली मी एकटीच असल्यामुळे मसुदा माझ्याकडे आला.

'नोकरी' या रकान्यात मी लिहिलं, 'चाकण येथे खासगी कंपनीत, क्वालिटी विभाग.' हे अगदीच निराधार नव्हतं. सहा वर्षांपूर्वी भाऊजी चाकणला अकरा दिवस कामाला होते आणि गळ्यातलं ओळखपत्र परत करायचं राहून गेलं होतं. सासूबाईंनी ते देव्हाऱ्याच्या खणात जपून ठेवलं होतं.

बाविसावं स्थळ बायोडेटा वाचून उत्साहानं आलं. त्यांच्यातल्या एका मावशींनी श्रेयाला सहज विचारलं, काका कुठंय गं? श्रेया म्हणाली, "फवारत व्हता. तुम्ही आला म्हणून पळत आंघोळीला गेला." तेविसाव्या स्थळाच्या वेळी तिला कुणी काही विचारलं नाही. तिनं स्वतः होऊन पाहुण्यांना सूचना केली की, सोफ्यावर सावकाश बसा, तो आमचा नाही, शेजारच्या काकूंचा आहे आणि संध्याकाळी परत द्यायचा आहे.

यानंतर सासूबाईंनी, म्हणजे कुशाबाईंनी, घरातल्या सगळ्यांना बसवून घेतलं. मध्यस्थ कुंडलिकतात्यांनाही बोलावलं होतं. सासूबाईंचं म्हणणं असं की, श्रेयाला पाहुणे येतील त्या दिवशी माझ्या माहेरी धाडावं. तात्यांनी याला तांत्रिक हरकत घेतली. बायोडेटात 'भाऊ विवाहित, एक कन्या' अशी नोंद होती. नोंद आहे आणि कन्या नाही, असं दिसलं तर पाहुणे उरलेल्या नोंदींकडेही त्याच नजरेनं बघतील. मग बऱ्याच चर्चेनंतर असं ठरलं की, श्रेया दिसावी पण ऐकू येऊ नये. ते शक्य नाही हे श्रेयाच्या पप्पांनी लक्षात आणून दिल्यावर दुरुस्ती झाली : तिनं फक्त मंजूर वाक्यं बोलावीत. ती मंजूर करण्याचं आणि पाठ करून घेण्याचं काम आईकडे.

मी पाच वाक्यं काढली. नमस्कार. माझं नाव श्रेया. मी बालवाडीत जाते. माझा काका चाकणला कंपनीत असतो. मी आता खेळायला जाते. पाचवं वाक्य मला विशेष आवडलं होतं, कारण ते बोलून झालं की तिनं खरंच निघून जायचं होतं.

पाठांतर दोन दिवसांत झालं. अडचण चौथ्या वाक्यापाशी आली.

"काका चाकणला असतो, तर मग आपल्या ट्रॅक्टरवर कोण असतं?"

मी त्या वेळी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. मी म्हणाले, "तो दुसरा."

श्रेयानं विचार केला. असा विचार ती क्वचितच करते, तेव्हाच मला समजायला हवं होतं. "म्हणजे दोन काका हायेत?"

"हो गं बाई, दोन."

हे उत्तर तिला पटलं. इतकं पटलं की त्यानंतर तिनं एकही प्रश्न विचारला नाही. घरात पहिल्यांदाच एवढी शांतता झाली, आणि ती माझ्या शिकवण्याचं यश आहे असं समजून मी सासूबाईंकडून शाबासकीही घेतली.

चोविसावं स्थळ मंचरजवळचं होतं. रविवार निवडला, कारण कंपनीला रविवारी सुट्टी असते. मुलगी आरती स्वतः घर बघायला येणार होती. बरोबर तिची आई लंकाबाई, चुलते आणि भावाची मुलगी संस्कृती, वय पाच. चुलते सोसायटीत सचिव होऊन निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खिशाला कायम पेन असे. आमच्याकडे सकाळपासून तयारी होती. सोफा आणला होता. सासूबाई लिंबाची फोड घेऊन भाऊजींचे हात घासत होत्या. टोमॅटोच्या झाडांची बांधणी करणाऱ्याच्या हाताला हिरवट काळा रंग बसतो, तो साबणानं जात नाही. तो लिंबानंही गेला नाही. शेवटी भाऊजींनी हात शक्यतो मांडीखाली ठेवावेत असं ठरलं. गळ्यात ओळखपत्र अडकवावं का, यावर मतभेद झाले. सुट्टीच्या दिवशी कुणी अडकवत नाही, असं मी म्हणाले. "मग लोकांना दिसनार कसं?" असं सासूबाई म्हणाल्या. ओळखपत्र टीव्हीशेजारी खिळ्याला टांगलं.

पाहुणे आले. पाणी झालं, पोहे झाले. श्रेया नवा फ्रॉक घालून आली आणि पहिली तीन वाक्यं तिनं स्पष्ट, न अडखळता म्हटली. लंकाबाई खूश झाल्या. चुलत्यांनी मग स्वतः होऊन चौथ्या वाक्याची वाट करून दिली. "काका कुठं असतो बाळा तुझा?"

"कोणता?" श्रेयानं विचारलं. "आमच्याकडं दोन हायेत. एक चाकणला कंपनीत असतो. त्याला मी बघितलेलं नाय. दुसरा टोमॅटोत असतो. त्यो लई चांगलाय, मला ट्रॅक्टरवर बसवतो. मी आता खेळायला जाते."

आणि ती ठरल्याप्रमाणे खेळायला गेली. जाताना संस्कृतीलाही घेऊन गेली.

चुलत्यांनी पेन काढलं. बायोडेटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहिलं, 'भाऊ – दोन की तीन?' आणि आमच्याकडे पाहिलं. इथे आमची अडचण वाचकांनी समजून घ्यावी. तिसरा भाऊ नाही, असं सांगावं तर टोमॅटोत कोण असतं हा प्रश्न उभा राहतो. टोमॅटोत सुदर्शनच असतो, असं सांगावं तर चाकणला कोण असतं हा प्रश्न उभा राहतो. आणि तिसरा भाऊ आहे म्हणावं, तर जमिनीचे तीन वाटे होतात. श्रेयाच्या पप्पांनी घाईघाईनं सातबारा आणून दाखवला. तो सासऱ्यांच्याच नावावर. चुलते म्हणाले, यावरून काही सिद्ध होत नाही, वारसांची नावं वडलांच्या मागं लागतात. मग रेशनकार्ड आणलं. त्यावर दोनच मुलगे होते.

"म्हंजी तिसऱ्याचं नाव कमी केलंय," चुलते म्हणाले.

"नाव नव्हतंच," कुंडलिकतात्या म्हणाले.

"नाव उगंच नसतंय का? कमी केलं म्हणूनच नाही." चाळीस वर्षांच्या सेवेत त्यांनी असे पुष्कळ कागद पाहिले होते आणि ज्या कागदावर काहीच गैर दिसत नाही, त्यावरच त्यांचा जास्त संशय असे. त्यांनी अट घातली : तिसऱ्या भावाचं हक्कसोडपत्र दाखवा, तरच पुढं बोलू.

चोविसावं स्थळ हातचं जात होतं आणि भाऊजींना दिवाळीनंतर तेहेतिसावं वर्ष लागणार होतं. सासूबाईंनी विचार न करता सांगून टाकलं, "देऊ की हक्कसोड. त्याचा काय हट्ट न्हाई. लई गुणाचाय त्यो."

सासरे, हौशीराम, इतका वेळ कोपऱ्यात तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मान वर केली. "आपल्याला पोरं किती, हे एकदा मला सांगून तरी ठ्येवा," ते म्हणाले. "उद्या कुनी पारावर इचारलं तर पंचाईत नको."

कुंडलिकतात्यांनी जन्मालाच न आलेल्या माणसाचं हक्कसोडपत्र किती दिवसांत होतं याची चौकशी करतो, असं आश्वासन दिलं. ते मनापासून बोलत होते, असं मला वाटतं. भाऊजी मांडीखाली हात घालून जमिनीकडे बघत होते. त्यांच्याच वाट्याची जमीन आता त्यांच्यातूनच निघालेल्या एका भावाकडून सोडवून घ्यायची होती. मला वाईट वाटलं. मसुदा माझा होता.

तेवढ्यात ओट्यावरून दोन आवाज आले. खिडकी उघडी होती, त्यामुळे ऐकू न येण्याची सोय राहिली नाही.

"तुझ्याकडं पण दोन आत्या हायेत का?" श्रेया विचारत होती.

"मला पाचच वाक्यं बोलायचीत," संस्कृती म्हणाली. "माझी आत्या शांत आहे. माझी आत्या सगळा स्वयंपाक करते. माझी आत्या..."

"ती शिकवलेली आत्या. दुसरी कुठाय?"

"दुसरी घरी असते," संस्कृतीनं आवाज खाली आणला, पण पाच वर्षांच्या माणसाचा आवाज खाली फारसा येत नाही. "ती वखारीत कांद्याच्या गाडीवाल्यांना ओरडते. तिला भाकरी येत नाय. ती आजीला म्हणाली, मला कंपनीतला नको, तो सकाळी जातो अन् रात्री येतो, मला बोलायला कुणीतरी घरी पाहिजे."

"मग आमचा टोमॅटोवाला घ्या," श्रेया म्हणाली. "त्यो घरीच असतो."

आत लंकाबाईंनी बशीतल्या पोह्यांतले शेंगदाणे वेचायला सुरुवात केली. चुलत्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आरती मात्र हसत होती. तिनं भाऊजींकडे बघितलं, मांडीखालून बाहेर आलेल्या बोटांकडे बघितलं आणि विचारलं, "बांधणी सुतळीनं करता का प्लास्टिकच्या दोरीनं?"

"सुतळीनं," भाऊजी म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य होतं आणि ते मंजूर यादीत नव्हतं.

आता वाचकांना वाटेल की इथे सगळं उघड झालं, सगळे हसले, बायोडेटे फाडले आणि टोमॅटोवाल्याचं कांद्यावालीशी ठरलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. पण दोन्हीकडचे लोक अनुभवी होते. लंकाबाईंनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "लेकरांचं काय मनावर घ्यायचं." सासूबाई लगेच म्हणाल्या, "तर काय. टीव्ही बघून काहीबाही बोलत्यात." चुलत्यांनी 'दोन की तीन?' यावर आडवी रेघ मारली. श्रेया आणि संस्कृती यांची सर्व विधानं अशा रीतीनं एकमतानं कामकाजातून वगळण्यात आली आणि त्यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवून लग्न ठरवण्यात आलं.

पत्रिका मी केली. 'चि. सुदर्शन, क्वालिटी विभाग, चाकण' आणि 'चि.सौ.कां. आरती, गृहकृत्यदक्ष'. शेवटचा शब्द पत्रिकेत नसतो, पण लंकाबाईंचा आग्रह पडला. तळाशी लहान मुलांच्या तोंडी एक ओळ घालायची पद्धत आहे, तीही घातली : 'आमच्या चाकणच्या काकाच्या लग्नात धमाल करायची, सगळ्यांनी या बरं का. – तुमची लाडकी श्रेया.' पहिली प्रत मी तिला वाचून दाखवली.

"हे मी कधी म्हटलं?"

"म्हटलं नाहीस. पण छापायचं असतं."

"मग मी म्हटलेलं कुठाय?"

मी पत्रिकांना हळद-कुंकवाची बोटं लावत होते. कामात असल्याचं दाखवलं.

"आणि टोमॅटोवाल्या काकाचं लगीन कधी?"

तेवढ्यात पत्रिका न्यायला आलेल्या शेजारच्या काकूंनी गमतीनं विचारलं, "काय गं श्रेया, काका कुठं असतो तुझा?" सोफा त्यांचाच असल्यामुळे त्यांना सगळं माहीत होतं. श्रेयानं माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे बघून, पापणीही न हलवता म्हणाली, "चाकणला, कंपनीत." सासूबाईंनी तिथल्या तिथे तिची दृष्ट काढली. पोरगी मोठी झाली, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दुधाचा पेला ओट्यावर तसाच भरलेला दिसला. मी विचारलं, श्रेया, दूध प्यायलीस का?

"प्यायली," ती म्हणाली.

"पेला भरलेला आहे."

"दूध पिणारी श्रेया वेगळी," तिनं मला शांतपणे समजावलं. "ती चाकणला असते. मी दुसरी." मग म्हणाली, "मम्मी, तुझ्या लग्नाच्या वेळेला पप्पा किती व्हते?"

श्रेयाचे पप्पा तेव्हा समोरच बसून जेवत होते. ते पुण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात, असं माझ्या वडलांना कळवण्यात आलं होतं. माझ्या बायोडेटात मला गाण्याची आवड असल्याचं लिहिलं होतं. आम्ही दोघांनीही मान खाली घालून भाकरी कुस्करली.

तर पत्रिका तुम्हाला मिळेलच. लग्नाला अवश्य यावं. पंगतीत श्रेयाशेजारी जागा मिळाली तर खऱ्या दोघांचं लग्न कसं ठरलं, तेही कळेल. फक्त येताना तुमचं लेकरू आणायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. श्रेया त्याला पहिला प्रश्न कोणता विचारेल, ते संस्कृतीच्या वेळी तुम्ही ऐकलंच आहे.