मिचमिच्याने पापणी रोखिली त्याची हकीकत

वाचणार धनी, त्यांचे सेवेसी लेखक रुजू होऊन वर्तमान लिहितो की, उंच भिंतींच्या आत जे घडते ते बाहेर फारसे कोणी लिहीत नाही, आणि लिहिले तरी रडगाणेच लिहितात. सबब एके सकाळी तुरुंगाच्या दवाखान्यात जी मोहीम जाहली आणि जीमध्ये भल्याभल्यांची अब्रू पणास लागली, ती जैशी घडली तैशी येथे नमूद केली असे.

तुरुंगात गर्दच्या नादातून सुटू पाहणारे कैदी पुष्कळ. त्यांस रोज सकाळी घोटभर हिरवे औषध मिळे, तेणेकरून अंगाची तडफड थांबे आणि माणूस माणसात येई. हे औषध दवाखान्याच्या सिस्टर स्वहस्ते मापून देत. मग वरून फर्मान सुटले की हाताच्या मापात चूक होते, एकाचा डोस दुसऱ्याच्या घशात जातो, सबब यंत्र बसवावे. आणि हनुवटीइतके उंच पोलादी यंत्र दाखल जाहले, आणि अवघ्या बाटल्या त्याचे पोटी कुलूपबंद जाहल्या. यंत्राचा दंडक ऐसा की कैद्याने माथ्याजवळील काचेत रोखून पाहावे, यंत्राने बुबुळ ओळखावे, मगच ज्याचे माप त्याचे पेल्यात सोडावे. यंत्राचा आवाज बायकी, गोड, परंतु समोरच्याचे काडीमात्र ऐकून न घेणारा. म्हणोन कैद्यांनी त्यास आत्याबाई हा किताब बहाल केला.

पहिल्या सकाळी रांग लागली. आत्याबाईंनी एकेकास ओळखले, पेले भरले, आणि शेवटी मिचमिच्याची पाळी आली. हा गृहस्थ मूळचा वेल्डर. ठिणग्यांसमोर उमर गेली, तेणेकरून पापणी म्हणोन जागी ठरेना. बुबुळाची नोंद यंत्राच्या कंपनीच्या माणसाने त्याचे हातापाया पडून कशीबशी घेतली होती. त्यात त्याच दुपारी त्याच्या मातुश्री भेटीस येणार होत्या. मागील भेटीत लेकाचे कापरे पाहून त्या उठून गेल्या, त्या आजवर फिरकल्या नव्हत्या. आज तरी ताठ बसून बोलावे, इतकीच त्याची मसलत.

त्याने काचेत पाहिले आणि पापणी पडली.

"कृपया डोळे उघडे ठेवा," आत्याबाई वदल्या.

पुन्हा पाहिले, पुन्हा पडली. मग हवालदाराने पुढे सरसावून दोन्ही हातांच्या चिमटीत पापण्या धरिल्या, तो आत्याबाईंनी "कृपया दुसऱ्या व्यक्तीने बाजूला व्हावे" ऐसे बजावून हवालदारास मागे रेटिले. पंखा बंद केला, तोंडावर पाणी मारिले, रांगेतून सल्ल्यांची कुमक आली, आणि सल्ल्यांमागून हसू आले, आणि ते हसू रांगभर ऐसे पसरले की मिचमिच्याही हसू लागला, आणि हसता हसता डोळे पार मिटले. सिस्टरनी कंपनीस फोन लाविला. तेथून जबाब आला की यंत्र उघडावयास आमचा माणूस लागतो, आणि आमचा माणूस उद्या येतो. इकडे मिचमिच्यास जांभया सुटल्या आणि डोळ्यांस पाणी लागले. ही कालचा डोस उतरू लागल्याची खूण. पाण्याने पापणी अधिकच फडफडे. 

"सिस्टर, नुसत्या काचेकडे बघून नाही हो जमत," मिचमिच्या म्हणाला. "लहानपणी भावाशी पैज लावायचो, पापणी पडली तो हरला. समोर कुणी भिडलं की माझी हलत नाही."

"मग इतका वेळ बोलला का नाहीस? हवालदार, उभे राहा समोर."

हवालदार यंत्रामागे उभे राहिले, परंतु त्यांच्या मिशा ऐशा थरथरू लागल्या की मिचमिच्या हसून हसून पोट धरोनि खाली बसला. मग अवघ्या तुरुंगात ज्यांचे तोंडाकडे पाहून हसण्याची कोणाची छाती नाही, ते मोठे साहेब, तुरुंगाचे अधिपती, यांस पाचारण जाहले. साहेबांनी वृत्तांत ऐकिला, टोपी उतरून हवालदाराहाती दिधली, यंत्राच्या माथ्यावर हनुवटी टेकविली आणि नजर रोखिली.

मग जे युद्ध मातले त्याचे वर्णन काय करावे. इकडून साहेब, तिकडून मिचमिच्या, मध्ये आत्याबाई. डोळ्यांतून धारा लागल्या तरी पापणी हलेना. आणि आत्याबाईंनी "ओळख पटली" म्हणोन हिरवा दिवा लाविला, आणि औषध पेल्यात उतरले, आणि दवाखान्यात एकच जल्लोष जाहला. परंतु योद्धे जागचे हलेनात.

"अरे, आलं औषध. घे ना," सिस्टर म्हणाल्या.

"साहेब आधी," मिचमिच्या म्हणाला.

"मी नाही हरत," साहेब म्हणाले.

"कृपया औषध घ्या," आत्याबाई विनवीत राहिल्या. सिस्टरनी कपाळास हात लाविला. शेवटी साहेबांची डावी पापणी लवली, तिचे पाठी उजवी, आणि साहेब शिकस्त खाऊन बाकावर बसले. मग मिचमिच्याने औषध प्राशन केले, गिळल्याची खात्री पटावी म्हणोन आ करून जीभ दाखविली, आणि गेला.

दुपारी मातुश्री भेटीच्या खोलीत काचेपलीकडे बसल्या. लेक ताठ बसला होता, कापरे नव्हते. परंतु डोळे लालभडक. हे लाल डोळे त्या माउलीने घरी वर्षानुवर्षे पाहिलेले. तिने फोन कानास लाविला.

"पुन्हा घेतलंस ना तू?"

"नाही गं आई. साहेबांशी पैज लावली होती. डोळे न मिटायची."

"काहीतरी सांगू नकोस मला," म्हणोन मातुश्रींनी फोन ठेविला आणि पिशवी उचलिली. लेकाने काच वाजविली, त्या वळल्या नाहीत.

हवालदार साहेबांस बोलावण्यास धावले. मोठे साहेब दाखल जाहले, लेकाहातचा फोन घेतला आणि पलीकडच्या पहारेकऱ्यास खुणाविले, तेव्हा त्याने मातुश्रींस विनवून फोन पुन्हा त्यांचे कानी दिला.

"आई, मी इथला अधिकारी. खरं सांगतोय तो. औषधासाठीच चाललं होतं सगळं."

मातुश्रींनी साहेबांचे तोंडाकडे पाहिले. साहेबांचेही डोळे लालभडक.

"मग जिंकलं कोण?"

साहेबांनी मागे वळून पाहिले. अवघा पहारा कान देऊन उभा होता.

"तुमचा मुलगा," साहेब म्हणाले.

मातुश्री पिशवी खाली ठेवून बैसल्या, आणि भेटीची वेळ संपल्याची घंटा जाहली तरी त्यांस उठवावे ऐसा हुकूम कोणी दिला नाही. येणेप्रमाणे मिचमिच्याची फत्ते जाहली, शत्रुपक्षाने ती स्वमुखे कबूल केली, लेखनसीमा.