लहान साहेबांची गव्हाणी

आमचे सायमनअण्णा मोठ्यांना अरे-तुरे करतात आणि दोन वर्षांच्या लेकराला अहो-जाहो. तहसीलदार घरी आले तरी "बस रे, चहा घे." पण वाहत्या नाकाचं, एकाच पायात मोजा घातलेलं पोरगं दारात आलं की हे खुर्चीतून उठणार, हात जोडणार. "या साहेब! कवा आलात? जेवण झालं का?" साहेब उत्तरादाखल अण्णांच्या लेंग्याला नाक पुसतात. अण्णांना त्याचं काही वाटत नाही.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. अहमदपूरला एसटीत मेकॅनिक होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून गाडीचंच. कुणी उशिरा उठलं की "सेल्फ लागंना का रे?" एखादी सून डोळे पुसत बसली की "रेडिएटर तापलंय, जरा निवू द्या." मूलबाळ नाही. मार्थाकाकू गेल्यापासून तीन खोल्यांच्या घरात एकटेच असतात, आणि स्वयंपाकाला बाई ठेवू म्हटलं तर आमच्यावरच खेकसतात.

एकदा मी वैतागून विचारलंच, "अण्णा, ही काय तऱ्हा? आम्हाला गाढव म्हणता आणि ह्या शेंबड्यांना अहो?"

"पाहुणं हाय ते," अण्णा म्हणाले. "तीन वर्सं राहतं अन् जातं. मग त्याच्या जागी दुसरंच कुणीतरी येतं, त्याला आपली वळखबी नसती. पाहुण्याला कुणी अरे-तुरे करतं का?"

मी शाळेत शिकवते, त्यामुळं मला सगळं कळतं असा माझा समज आहे. मी हसून सोडून दिलं.

वर्षभर अण्णा कुणाकडं काही मागत नाहीत. मी नांदेडहून स्वेटर पाठवला, तो त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकला. हट्ट एकच: नाताळ त्यांच्या घरी झाला पाहिजे. नांदेड, लातूर, जळकोट, जिथं कुठं आमच्या घराण्यातलं माणूस असेल, त्यानं पंचवीस तारखेला सकाळी अहमदपुरात उपासनेला हजर व्हायचं आणि चर्चमधून थेट अण्णांकडं यायचं. मग करंज्या, मटणाचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, आणि ओसरीतली ती येशूजन्माची गव्हाणी.

बाकीचे लोक गव्हाणी टेबलावर मांडतात, वर लाइटिंग सोडतात आणि पोरांना हात लावू देत नाहीत. अण्णा जमिनीवर मांडतात. मार्केट यार्डाजवळून खऱ्या कडब्याची पेंढी आणतात. बैल पोळ्याचे. पोळ्याला घेतलेली मातीची जोडी फडक्यात गुंडाळून नाताळपर्यंत जपतात, त्यामुळं आमच्या बेथलेहेमातल्या बैलांच्या शिंगांना बेगड असते. आणि मांडून झाली की कारभार तीन वर्षांखालच्यांकडं जातो. मोठ्यांनी बोट लावायचं नाही.

हा कारभार कसा चालतो ते विचारू नका. एका वर्षी मरिया पाण्याच्या माठात सापडली. योसेफ कुणाच्या तरी बुटात बसून नायगावला गेला आणि ईस्टरला परत आला. तिघा ज्ञानी पुरुषांपैकी एक कायमचाच बेपत्ता आहे, त्याच्या जागी हिरवा डायनासोर भेटवस्तू घेऊन उभा असतो. परवाच्या नाताळात पाळकसाहेब प्रार्थनेला आले, डोळे मिटण्याआधी खाली पाहिलं, तर कडब्यावर बाळाऐवजी पिवळी जेसीबी. पाळकसाहेब खाकरले.

"व्यवस्था लहान साहेबांची हाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "तक्रार त्यांच्याकडं करा."

लहान साहेब म्हणजे जोएल, माझ्या चुलतभावाचा मुलगा. तो तेव्हा बाळ येशूला तोंडात धरून जिन्याखाली बसला होता. त्याच्या सोबत मिनू, माझ्या भावाची, प्रकाशची मुलगी. ती बैलाला करंजी भरवत होती. पाळकसाहेबांनी मुकाट्यानं जेसीबीपुढं प्रार्थना केली, आणि लई सुंदर केली.

प्रकाश लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. पोरगा मनानं चांगला, पण सदा घाईत, आणि तोंडाला लगाम नाही. त्या दिवशी जेवणं उरकली, सगळे ओसरीत सुपारी कातरत बसले होते, तेव्हा त्यानं विषय काढला.

"अण्णा, पुढच्या वर्षीपासून लातूरला करू. हॉल घेऊ, केटरर सांगू. तुमचं वय झालं, कशाला हा ताप? मिनूच्या अंगावर बघा, कडब्यानं पुरळ आलंय."

"आन् गव्हाणी?" अण्णांनी विचारलं.

"हॉलवाला सजावट देतो की. आणि खरं सांगू का, ह्या लेकरांना काय आठवणार आहे अण्णा? दोन वर्षांचं पोर. उद्या विचारा, काही ध्यानात नसतं. कुणासाठी करायचं एवढं?"

मला वाटलं, आता अण्णा फाडून खाणार. डेपोत साहेबांशी भांडलेला माणूस. पण अण्णा मिनूच्या केसातली कडब्याची काडी काढत राहिले.

"लेकरांच्या न्हाई राहत ध्यानात," ते म्हणाले. "बरं. तुमची सोय बघा. मी येईन एसटीनं."

आणि उठून मागच्या अंगणात गेले. कुणाला काही वाटलं नाही. मला मात्र वाटलं, कारण त्या ओसरीत जुनी गोष्ट ठाऊक असलेली मी एकटीच होते.

प्रकाश सहा महिन्यांचा होता तेव्हा आईला टीबी झाला. वडील तिला घेऊन लांबच्या मिशनच्या दवाखान्यात गेले. मी जळकोटला आजीकडं राहिले, आणि प्रकाशला अण्णा-काकूंनी आणलं. दोन वर्षांच्या वर तो ह्याच घरात वाढला. इथंच चालायला लागला. अण्णा ड्यूटीवरून आले की हाताचं ग्रीस धुवायच्या आधी हा त्यांच्या गळ्यात. मग आई बरी झाली आणि एका नाताळाला त्याला न्यायला आली. तो तिच्याकडं जाईना. काकूच्या पदराला धरून असा ओरडला की आई दारातच खाली बसली.

त्या दिवशी अण्णांनी सगळ्यांना बजावलं, "ह्याच्यापुढं ही गोष्ट कुणी काढायची न्हाई. त्याच्या आईच्या काळजाला लागंल." काकूनं आणि त्यांनी बरेच महिने आमच्याकडं पाऊलही टाकलं नाही, पोरगं आईला रुळावं म्हणून. प्रकाश रुळला. विसरला. आणि आम्ही सगळे इतके गप्प बसलो की पुढं ते कुणाच्या बोलण्यातच उरलं नाही.

वडील आधीच गेले होते, आई गेल्या पावसाळ्यात गेली. आता कुणाच्या काळजाला लागायचं राहिलं होतं? आणि मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. मी प्रकाशचं मनगट धरलं, स्वयंपाकघरात ओढत नेलं आणि खरकट्या भांड्यांमध्ये उभं करून सगळं सांगितलं. रागानं सांगितलं, चांगलं झापून सांगितलं. अर्ध्यातून माझंच रडू फुटलं.

तो आधी म्हणाला, "काहीही काय ताई!" हातातला ग्लास त्यानं तीनदा ओट्यावर ठेवला, तीनदा उचलला. मग मागचं दार उघडून अंगणात गेला. मी मागोमाग गेले. जायला नको होतं, पण गेले.

अण्णा उकिडवे बसून उरलेला कडबा गोळा करत होते. मान वर न करता म्हणाले, "काय रे? निघालास का? अंधाराच्या आत लातूर गाठ. रस्ता खराब हाय."

प्रकाश त्यांच्यासमोर खाली बसला, चांगल्या पँटची पर्वा न करता. फिजिक्सच्या वर्गात दीडशे पोरांपुढं न अडखळणारा माझा भाऊ कडब्याच्या काड्या वेचायला लागला.

"अण्णा," तो शेवटी म्हणाला, "मी तेव्हा... तुमच्याकडं असताना. काय म्हणत होतो तुम्हाला?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी नजर खाली घातली नाही. मला जराही पस्तावा नव्हता.

ते हातातली पेंढी बांधायला लागले. गाठ बसेना.

"बाबा म्हणायचास," अण्णा म्हणाले. "मग निरोप आला, तुझी आई बरी झाली म्हणून. तवा तुला मांडीवर घेऊन रोज बसायचो. अण्णा म्हण, अण्णा म्हण. लई दिवस लागले रे तुला शिकवायला."