विधीच्या पायाचं प्रेशर

पायाकडे बघून मी माणूस ओळखतो, असं लखीचंदशेठ छातीठोक म्हणत. पाचोऱ्यात चपला-बुटांचं दुकान चालवून त्यांना चाळीस वर्षं झाली होती. त्यामुळे नात विधीच्या शाळेत जळगावहून मुलांचे पाय तपासणारं शिबिर आलं, तेव्हा घरी त्यांनी आधीच जाहीर केलं की पहिला नंबर आपल्याच पोरीचा.

विधी नऊ वर्षांची. शिबिरातल्या मशीनच्या पट्टीवर ती उभी राहिली, चालली आणि कागद घेऊन घरी आली. त्यावर लिहिलं होतं : डाव्या टाचेवर प्रेशर जास्त.

शेठजींचा चेहरा उतरला. विधीच्या आजीला, धनकुंवरबाईंना, मात्र प्रेशर नवं नव्हतं. त्या स्वतः बारा वर्षं त्याची गोळी घेत होत्या.

"इतक्या लहान वयात प्रेशर," त्या म्हणाल्या, "आणि तेही पायापर्यंत उतरलं."

त्याच क्षणी विधीचं मीठ बंद झालं. दोन भाज्या कोण करणार, म्हणून सगळ्या घराचंच बंद झालं. शनिवारी विधीचा खो-खोचा पहिला सामना होता. तिचं मैदानही बंद झालं. शेठजी तिला स्कूटरवरून शाळेच्या फाटकाशी सोडत आणि तिथून दोन जिने पाठंगुळी घेऊन वर्गात नेत. तिसऱ्या दिवशी त्यांची कंबर धरली.

तोवर गल्लीत वेगळीच बातमी पसरली. शेठजींच्या घरी बिनमिठाचं शिजतं, म्हणजे आयंबिलाचं व्रत चाललंय, आणि तेही एवढ्याशा पोरीचं! बायका श्रीफळ घेऊन कौतुकाला आल्या. खरं सांगितलं तर पोरीचं प्रेशर चव्हाट्यावर येणार, पुढे लग्नाला अडचण. धनकुंवरबाईंनी मुकाट्याने सात नारळ घेतले. विधी मात्र खिडकीत बसून सरावाला जाणाऱ्या मैत्रिणींकडे बघत राहिली. तिने रडणंही सोडून दिलं होतं. शेठजींना तेच जास्त लागलं.

शुक्रवारी खेळाचे शिक्षक संघपाल सर दुकानात आले. पोरगी सरावाला का येत नाही, त्यांनी विचारलं. शेठजींनी त्यांना दुकानामागच्या घरात नेलं, हलक्या आवाजात सगळं सांगितलं आणि तो कागद पुढे केला. सरांनी तो वाचला. मग उलटला. पाठीमागे चार ओळी होत्या. त्या आठवडाभर कुणी पाहिल्याच नव्हत्या.

"शेठजी, हे रक्ताचं प्रेशर नाही," सर म्हणाले. "उभं राहिल्यावर पायाच्या कुठल्या भागावर किती भार येतो, ते मोजलंय. काळजीचं काही नाही. रोज तासभर धावू-खेळू द्या, महिन्याने परत बघू, असं लिहिलंय इथे."

आतल्या खोलीत विधीने एवढंच ऐकलं आणि ती बूट शोधायला धावली.

शनिवारी विधी दीड मिनिट टिकली. बाद झाल्यावर धापा टाकत, हसत आजोबांकडे आली. टाचेचं म्हणाल तर महिना भरायला अजून अवकाश आहे; पण पोरगी आता झोपेतही पळते, अशी धनकुंवरबाईंची तक्रार आहे. घरच्या भाजीत पुन्हा मीठ पडू लागलंय.

कंबर सुटली तसे शेठजीही रोज मैदानावर जाऊ लागले. आपणही थोडं खेळू का, असं त्यांनी सरांना लाजत विचारलं. सर विचारात पडले. मैदानाचा एक खांब बुडाशी कुजला होता आणि नवा यायला वेळ होता.

तेव्हापासून लखीचंदशेठ संघात आहेत. रोज संध्याकाळी तासभर ते ताठ उभे असतात, आणि पोरं त्यांना वळसा घालून पळतात.